फोटो डेटाबेसच्या आत ठेवायचा की फक्त त्याचा पत्ता?

परदेशात राहणारे आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत घरी गेले की जुने कागद स्कॅन करून आणतात. आजोबांची पत्रं, लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे उतारे. मग मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेससारख्या डेटाबेसमध्ये नाव, तारीख, नातं असे रकाने होतात आणि प्रश्न येतो: स्कॅनची फाइल आतच ठेवायची (एम्बेड), की बाहेर ठेवून आत फक्त तिचा पत्ता लिहायचा (लिंक)?

एम्बेड केल्यावर फाइलची प्रत डेटाबेसमध्ये जाते. सगळं एकाच जागी राहतं, पण आकार फुगतो. अ‍ॅक्सेसच्या जुन्या 'ओएलई ऑब्जेक्ट' रकान्यात फोटोसोबत बहुधा त्याचं न आकुंचलेलं बिटमॅपही साठवलं जाई. ३००० × २००० पिक्सेलचा फोटो, दर पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे सुमारे १८ एमबी. मूळ जेपेग २ एमबीची असली तरी! अ‍ॅक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी. अशा हिशेबाने सव्वाशे फोटोही मावत नाहीत. २००७च्या आवृत्तीत आलेल्या 'अटॅचमेंट' रकान्याने बिटमॅपची अडचण दूर केली, २ जीबीची मर्यादा मात्र तीच राहिली.

लिंकमध्ये डेटाबेस हलका राहतो, पण फाइल हलली की तुटतो. फोल्डरचं नाव बदललं, नवा लॅपटॉप घेतला, की पत्ता आहे आणि घर रिकामं! पुण्याच्या चुलतभावाला फक्त डेटाबेसची फाइल पाठवली, तर त्याला नावं दिसतील, चेहरे नाहीत.

कुठे काय बरं? रसेल सिअर्स, कॅथरिन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी २००६ साली एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोजची फाइल व्यवस्था यांची तुलना केली. साधारण २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल म्हणून बऱ्या, असं त्यांना आढळलं. ते आकडे अ‍ॅक्सेसला जसेच्या तसे लागू नाहीत, पण दिशा कळते. स्कॅन बहुधा मोठेच असतात, म्हणून ते बाहेर ठेवावेत.

फक्त पत्ता अर्धाच लिहावा. डेटाबेसशेजारी 'स्कॅन' नावाचं फोल्डर ठेवा आणि रकान्यात ड्राइव्हपासूनचा पूर्ण मार्ग न लिहिता 'स्कॅन'पासून पुढचाच लिहा. डेटाबेस सध्या कुठे आहे हे अ‍ॅक्सेसचा 'करंटप्रोजेक्ट.पाथ' गुणधर्म सांगतो. फॉर्ममध्ये दोन्ही जोडले की फाइल सापडते. मग अख्खं फोल्डर कुठेही न्या, लिंक तुटत नाही.

तपासणी मात्र दुसऱ्या संगणकावर करा. त्याच संगणकावर पूर्ण मार्गाची लिंकही जुन्या जागेवरची फाइल शोधून दाखवते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ती तुटल्याचं कळेपर्यंत जुनी डिस्क टाकून दिलेली असू शकते, आणि मूळ पत्रं तोवर वाळवीने खाल्लेली.