माहितीसुद्धा निवडूनच घ्यावी!

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ‘अन्नधान्यासाठी झालेल्या लोकचळवळी’ असा विषय प्रोजेक्टला मिळाला, की ती आधी मोबाइल उघडते. मैत्रिणींनो, तिला सांगा, हा विषय आपल्या मुंबईतलाच आहे! १९७२ साली, दुष्काळ आणि महागाईच्या दिवसांत, निरनिराळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा पुढारी होत्या. धान्य, तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळावे म्हणून गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या.

यावर माहिती पुष्कळ मिळेल. पण तांदळासारखी ती निवडून घ्यायला हवी. प्रत्येक मजकुराला तीन प्रश्न विचारा. लिहिणारा कोण? लिहिले केव्हा? आणि त्याला हे कळले कसे?

त्या वेळचे वर्तमानपत्र तारखेला पक्के. पण मोर्चातल्या बायकांचा आकडा पोलिसांनी दिला की पुढाऱ्यांनी, ते पाहा. १९७५ ते ७७ आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. तेव्हा बातमी छापून आली नाही, म्हणजे काही घडलेच नाही, असे समजू नका. पक्षाच्या पत्रकात मागण्या नेमक्या कळतात, पण स्वतःची स्तुतीही असतेच. नंदिता गांधी यांनी या आंदोलनावर इंग्रजीत अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिले, ते १९९६ चे. म्हणजे मागे वळून पाहिलेले. आणि मोबाइलवर एकच परिच्छेद दहा ठिकाणी दिसला, तर तो दहा साक्षीदारांचा नव्हे; नऊ जणांनी एकाचा उतरवून घेतलेला!

आता घरातला आधार. तेव्हा पंचविशीत असलेल्या बायका आज पंच्याहत्तरीपुढे आहेत. बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही तुमच्या शेजारी अशी एखादी आजी असेल. तिचे साल चुकेल, ते वर्तमानपत्रावरून ताडून घ्या. पण रेशनच्या रांगेत किती वेळ जाई, डब्यात काय उरे, मोर्चाला निघताना सासूबाई काय म्हणाल्या, हे कुठल्याही पेपरात छापलेले नाही. तिची परवानगी घेऊन, तारीख घालून, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.

पुस्तके पुढच्या वर्षीही मिळतील. आजीकडे मात्र या रविवारीच जा.