भाषण सक्तीचं असलेलं कॉलेज

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे सरकारी दोन-वर्षीय कॉलेजं, आहेत आणि परवापरवापर्यंत एकाच विषयाला प्रत्येक कॉलेजात वेगळा क्रमांक असे. कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्याला आपण आधीच काय शिकलोय ते पटवून देता देता नाकी नऊ येत. २०२१ मध्ये राज्याने कायदाच केला : सारख्या विषयाला सगळीकडे सारखा क्रमांक. २०२५च्या पानगळीच्या सत्रात अंमलबजावणी सुरू झाली ती फक्त सहा अभ्यासक्रमांपासून. इंग्रजीचे दोन, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र; आणि सहावा ‘कॉम सी१०००’, म्हणजे चारचौघांत उभं राहून बोलण्याचा पहिला अभ्यासक्रम.

भाषणाला हा मान कसा मिळाला, याची गोष्ट बरीच जुनी आहे. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर एक ज्युनिअर कॉलेज निघालं. सरकारी दोन-वर्षीय कॉलेजांमध्ये आज टिकून असलेलं ते सर्वांत जुनं. कल्पना शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांची. विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच करू द्यावीत, इतका साधा विचार. त्याच शिकागोत १९१४च्या नोव्हेंबरात सतरा शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या परिषदेतून बाहेर पडले. वक्तृत्व हे साहित्याचं शेपूट नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी काढलेली संघटना नावं बदलत आज ‘नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन’ झाली आहे.

पुढे १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं. १९६०च्या कॅलिफोर्नियाच्या उच्चशिक्षण आराखड्याने हायस्कूल संपवलेल्यांची वाटणी केली : वरच्या एक अष्टमांशाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशाला राज्य विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सर्वांना उघडं. ‘सर्वांना’ हा शब्द तिथे खरोखर पाळला जातो. बारावीत काय दिवे लावले, हे कुणी विचारत नाही. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, ४६ डॉलर. तीन युनिटांचा भाषणाचा वर्ग १३८ डॉलरमध्ये.

मात्र इथून राज्य विद्यापीठात जायचं तर चार गोष्टी चुकत नाहीत. लेखन, तर्कशुद्ध विचार, गणित आणि तोंडी संवाद. या चारांत ‘डी’ श्रेणी चालत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कलेसारख्या विद्यापीठांची तोंडी संवादाची अट पूर्वी नव्हती. २०२५पासून लागू झालेल्या सामायिक आराखड्यात ती आली. म्हणजे परिचारिका व्हायला निघालेली मुलगी असो की हिशेबनीस व्हायला निघालेला मुलगा, वर्गासमोर उभं राहणं कुणालाच टळत नाही.

वर्गात काय चालतं? सत्रभरात निदान तीन भाषणं, प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर, शिक्षकांच्या देखत. त्यांत एक माहिती देणारं, एक मन वळवणारं. आधी आराखडा लिहून द्यायचा. माहिती कुठून घेतली ते बोलता बोलताच सांगायचं. हातात कार्डावरचे चार मुद्दे चालतात, पण पूर्ण संहिता वाचली की गुण कापले जातात आणि पाठ करून म्हटली तरी शिक्षकांच्या ते लक्षात येतंच. पर्ड्यू विद्यापीठाच्या अ‍ॅलन मन्रो यांनी १९३०च्या दशकात घालून दिलेला पाच पायऱ्यांचा क्रम अजून शिकवला जातो : लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय सांगा, त्याचं चित्र उभं करा, कृतीला लावा. मला यात विक्रेत्याचा वास येतो. पण ज्याने आयुष्यात कधी चार माणसांपुढे तोंड उघडलेलं नाही, त्याला असा कठडा लागतोच.

त्याहून मोलाचं काम जेम्स मॅकक्रोस्की यांचं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या या प्राध्यापकांनी बोलण्याची धास्ती मोजायची प्रश्नावली केली. चोवीस विधानं, गटचर्चा, बैठक, दोघांतलं संभाषण आणि भाषण या प्रत्येकावर सहा-सहा. गुण २४ ते १२०. अनेक वर्गांत सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी ती भरून घेतात. ‘मी भित्रा आहे’ असं म्हणत आलेल्या माणसाला कळतं, की आपण बैठकीत घाबरतो, पण दोघांत बोलताना नाही. मोजता आली की भीतीवर कामही करता येतं.

ज्यांना यातच पुढे जायचं त्यांच्यासाठी साठ युनिटांची कम्युनिकेशन स्टडीजची सहयोगी (असोसिएट) पदवी असते. २०१०च्या कायद्याने अशा पदवीधारकाला राज्य विद्यापीठांत जागेची हमी मिळाली. हव्या त्याच विद्यापीठात मात्र नव्हे. वादविवाद, गटचर्चा, आंतरसांस्कृतिक संवाद असे विषय असतात. वादविवादाच्या संघांसाठी दोन-वर्षीय कॉलेजांची ‘फाय रो पाय’ ही संस्था १९२८पासून राष्ट्रीय पातळीवर उभी आहे. यात पुढे न जाणाऱ्यांनाही हा वर्ग आठवत राहतो. नट टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजात शिकले. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या कॉलेजाचं ऋण मान्य करताना त्यांना भाषणाचा वर्ग आवर्जून आठवला.

सगळं गोड नाही. देशभरात कम्युनिटी कॉलेजांतले बहुसंख्य शिक्षक अर्धवेळ आहेत. दोन-तीन कॉलेजांत तास घेत गाडी हाकणारे. प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते, पण सहा वर्षांत तिथवर पोहोचणारे शेकड्यात वीससुद्धा नाहीत. दार उघडं असणं आणि माणूस पलीकडे जाणं यांत नोकरी, भाडं, मुलंबाळं असं बरंच काही येतं. बोलण्याचा एक वर्ग ते निस्तरू शकत नाही.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांची कमतरता नाही. पण त्यांत उतरतात ती मुळातच बोलकी मुलं, तीही बहुधा मास्तरांनी लिहून दिलेलं पाठ करून. उरलेला वर्ग टाळ्या वाजवायला. बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ‘बिझनेस कम्युनिकेशन’चा पेपर अर्ज आणि पत्रं लिहून सोडवला. नव्या शैक्षणिक धोरणात भाषा आणि संवादकौशल्यासाठी स्वतंत्र श्रेयांक आहेत. ते ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांना एकच विनंती : त्यातले निदान अर्धे गुण उभं राहून बोलण्याला ठेवा, आणि ते प्रत्येकाला सक्तीचे करा.