उपदेशक घडतो कसा? अब्दुल्ला अज्जामचा प्रवास

जहाल उपदेशक मदरशात तयार होतो, असं आपण सहज म्हणून टाकतो. आज आपण एकच उदाहरण नीट पाहू.

अब्दुल्ला अज्जामचा जन्म १९४१ चा, पॅलेस्टाईनमधल्या जेनीनजवळचा. शरियतची पदवी दमास्कसची, डॉक्टरेट १९७३ मध्ये कैरोच्या अल-अझहरची. अम्मानच्या विद्यापीठातली नोकरी १९८० मध्ये गेली. मग जेद्दा, तिथून इस्लामाबाद. म्हणजे बघा, एका देशाने दार लावलं की दुसरीकडे प्राध्यापकी तयार! यामागे मुस्लिम ब्रदरहुडच्या ओळखी होत्या आणि सौदी पैसा होता.

१९८४ मध्ये त्याने पेशावरला ‘मक्तब अल-खिदमात’ हे कार्यालय उघडलं. अफगाण युद्धासाठी अरब तरुण आणि वर्गणी गोळा करणं हे त्याचं काम. सुरुवातीचा मोठा खर्च ओसामा बिन लादेनने उचलला. मासिक, भाषणांच्या कॅसेटी, अमेरिकेपर्यंतचे दौरे यांतून अज्जामचा आवाज जगभर पोचला.

२४ नोव्हेंबर १९८९ रोजी पेशावरमध्ये बॉम्बस्फोटात तो मारला गेला. कॅसेटी मात्र फिरतच राहिल्या.

त्याच विद्यापीठांतून शिकलेले कितीतरी जण साधे शिक्षक झाले. तेव्हा ‘हा शिकला कुठे?’ एवढ्यावर आपण थांबून चालणार नाही. याला पगार, व्हिसा आणि व्यासपीठ कोणी दिलं, हेही विचारायला हवं.