स्वतःच्या देशात फ्लॉप, परक्या देशात सुपरस्टार! रॉड्रिगेझच्या ‘कोल्ड फॅक्ट’चं नेमकं काय झालं होतं?

मार्च १९९८. केपटाऊनमध्ये हजारो लोक एका गायकाची वाट बघत होते. यातल्या अनेकांना कित्येक वर्षं वाटत होतं, की हा माणूस केव्हाच मेलाय. तो स्टेजवर आला तेव्हा लोक बराच वेळ नुसते ओरडत होते.

त्याचं नाव सिक्स्टो रॉड्रिगेझ. अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा, मेक्सिकन कामगार कुटुंबातला. भावंडांत सहावा म्हणून नावही सिक्स्टो. गिटार घेऊन तो शहरातली गरिबी, ड्रग्ज आणि पुढाऱ्यांची बनवाबनवी गायचा. त्याचा पहिला अल्बम ‘कोल्ड फॅक्ट’ १९७० मध्ये ससेक्स रेकॉर्ड्सनं काढला.

अमेरिकेत अल्बम का पडला?

खरं तर पडायलाही आधी कुणीतरी ऐकावं लागतं! अल्बम विकलाच गेला नाही. १९७१ चा दुसरा अल्बमही तसाच गेला आणि कंपनीनं हात वर केले.

कंपनीला विकायला जमत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. त्याच ससेक्सचा बिल विदर्स १९७१ मध्ये हिट झाला होता. पण रॉड्रिगेझ बुजरा होता. लोकांकडे पाठ करून गायचा, असं त्याच्यासोबत काम केलेले लोक सांगतात. शेवटी गाणं मागे पडलं आणि तो जुनी घरं पाडण्या-दुरुस्त करण्याच्या कामाला लागला.

मग दक्षिण आफ्रिकेत काय घडलं?

तिथं तेव्हा वर्णभेदी राजवट होती. टीव्ही आला तोच १९७६ मध्ये. काय ऐकायचं, काय नाही, हे सरकार ठरवायचं. ‘शुगर मॅन’ हे ड्रग्जवरचं गाणं रेडिओवर वाजवायला बंदी होती. गोऱ्या तरुणांना लष्करात सक्तीनं जावं लागायचं.

या तरुणांच्या हातात ‘कोल्ड फॅक्ट’ पडला. व्यवस्थेला उघड नावं ठेवणारा, स्वतःच्याच भाषेतला आवाज त्यांना घरबसल्या मिळाला. मित्राकडून कॅसेट भरून घ्यायची, ती पुढे तिसऱ्याला द्यायची. (आपल्याकडे ज्यांनी कॅसेटचा जमाना पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.) हा श्रोता मुख्यतः गोरा आणि शहरी होता, हे मात्र विसरून चालत नाही. पण या घरांमध्ये रॉड्रिगेझ थेट बीटल्सच्या शेजारी बसायचा.

बाहेरच्या जगाशी संपर्क तुटक असल्यानं त्यांना वाटायचं, तो अमेरिकेतही तेवढाच मोठा असणार. नवीन अल्बम येत नाही म्हटल्यावर अफवा उठल्या. कुणी म्हणे त्यानं स्टेजवर गोळी झाडून घेतली, कुणी म्हणे पेटवून घेतलं.

नव्वदच्या दशकात चाहता स्टीफन सेगरमन आणि पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू यांनी शोध सुरू केला. एका गाण्यात डेट्रॉईटजवळच्या डिअरबॉर्न गावाचा उल्लेख होता, त्यावरून धागा मिळाला. माणूस जिवंत होता आणि बांधकामावरच राबत होता!

सिनेमात काय सुटलं?

‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटानं ही गोष्ट जगभर नेली, २०१३ मध्ये त्याला ऑस्करही मिळालं. पण ऑस्ट्रेलियातही रॉड्रिगेझचे चाहते होते आणि १९७९ व १९८१ मध्ये त्यानं तिथं दौरे केले होते, हे त्यात नाही. म्हणजे परदेशात आपल्याला कुणी ऐकतं, याचा त्याला अगदीच पत्ता नव्हता असं नाही. सिनेमाच्या गोष्टीला ते सोयीचं नव्हतं, एवढंच.

दक्षिण आफ्रिकेतल्या विक्रीचे पैसे मात्र तेव्हा त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. ‘कोल्ड फॅक्ट’ अमेरिकेत पुन्हा निघाला २००८ मध्ये. तोवर रॉड्रिगेझ ६६ वर्षांचा झाला होता.