कोरड्या भुकटीतला जिवंत वाण

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने दिले गेल्यास आरोग्याला उपकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशा आशयाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्डोबा येथे केली. या व्याख्येतील ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा संख्येने’ या दोन अटी प्रयोगशाळेला अडचणीत टाकणाऱ्या आहेत, कारण जीवाणू अन्न मिळत असेपर्यंत विभागत राहतात, विभागताना थोडेथोडे बदलतात आणि अन्न संपले की मरू लागतात. संशोधकाला मात्र आज आणि पाच वर्षांनंतरही तोच वाण, मोजून ठरवलेल्या संख्येने हवा असतो. कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावताना त्यातील जीवाणूंचे मिश्रण हळूहळू बदलले तरी घरात कोणाचे काही अडत नाही, परंतु प्रयोगात असा बदल झाला तर आधीच्या आणि नंतरच्या निष्कर्षांची तुलनाच करता येत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी जीवाणू गोठवून, निर्वातात वाळवून, भुकटीच्या रूपात जपले जातात. या पद्धतीला शीतशुष्कीकरण म्हणतात.

या विषयातील सर्वाधिक अभ्यासलेल्या वाणांपैकी एक म्हणजे ‘लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी’. शेरवूड गोरबाक आणि बॅरी गोल्डिन या अमेरिकी संशोधकांनी १९८०च्या दशकात निरोगी माणसाच्या आतड्यातून तो वेगळा केला आणि त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे त्याच्या नावाला जोडली गेली. अमेरिकेतील ‘अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन’ या जीवाणूसंग्रहात त्याचा क्रमांक ५३१०३ आहे. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातीची फेरमांडणी होऊन त्याचे प्रजातिनाम ‘लॅक्टिकेसीबॅसिलस’ झाले, तरी संग्रहातील क्रमांक बदलला नाही. त्यामुळे नाव जुने असो वा नवे, शोधनिबंधात कोणता जीवाणू अभिप्रेत आहे हे क्रमांकावरून निश्चित कळते.

उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवण्यामागचा हेतू त्यांतील पाणी काढून सूक्ष्मजीवांना वाढू न देणे हा असतो, तर शीतशुष्कीकरणात पाणी काढूनही खुद्द सूक्ष्मजीवाला जगवायचे असते. उष्णतेने वाळवल्यास पेशीतील प्रथिने बिघडतात, म्हणून संवर्ध, म्हणजे पोषक द्रवात वाढवलेले जीवाणू, आधी गोठवला जातो आणि नंतर त्याच्याभोवतीची हवा काढून घेतली जाते. हवेचा दाब सुमारे ६११ पास्कलच्या, म्हणजे नेहमीच्या वातावरणीय दाबाच्या ०.६ टक्क्यांच्या खाली गेला की बर्फ वितळून पाणी होत नाही, तर त्याची थेट वाफ होते. कापूर वितळल्याशिवाय उडून जातो त्यातलाच हा प्रकार असून त्याला संप्लवन म्हणतात. बर्फ निघून गेल्यावर तापमान हळूहळू वाढवून पेशींना चिकटलेले उरलेसुरले पाणीही काढले जाते, आणि शेवटी काही टक्केच ओलावा शिल्लक राहतो.

या प्रक्रियेत जीवाणूला दोन ठिकाणी इजा होऊ शकते: गोठताना बर्फाच्या स्फटिकांमुळे आणि क्षार दाटल्यामुळे, तर वाळताना पेशीपटलातील स्निग्ध रेणूंची मांडणी विस्कटल्यामुळे. म्हणून संवर्धात साय काढलेले दूध किंवा सुक्रोज, ट्रेहॅलोज यांसारख्या शर्करा मिसळतात. पाण्याचे रेणू निघून गेल्यावर या शर्करा त्यांच्या जागी पेशीपटलाला टेकू देतात. शिवाय त्या स्फटिक न बनता काचेसारख्या घट्ट होतात. लिमलेटची गोळी हीदेखील साखरेची अशीच काचसदृश अवस्था असते. त्या घट्टपणात रेणूंची हालचाल जवळपास थांबते, आणि पेशी न वाढता, न विभागता, वर्षानुवर्षे टिकून राहू शकते. बॅसिलससारखे काही जीवाणू प्रतिकूल काळात स्वतःच टणक बीजाणू तयार करतात. लॅक्टोबॅसिलसकडे ती सोय नसल्यामुळे त्याला हे कवच बाहेरून पुरवावे लागते.

तयार भुकटी काचेच्या लहान नळीत निर्वातातच मोहोरबंद करून थंड जागी ठेवतात. गरज पडेल तेव्हा नळी निर्जंतुक परिस्थितीत उघडून भुकटीत थोडे पोषक द्रव घालतात. लॅक्टोबॅसिलससाठी बहुधा एमआरएस हे माध्यम वापरतात. १९६० मध्ये ते सुचवणाऱ्या डी मान, रोगोसा आणि शार्प या तिघांच्या नावांवरून त्याला ही आद्याक्षरे मिळाली आहेत. ३७ अंश सेल्सियसला एक-दोन दिवस ठेवल्यावर द्रव गढूळ होतो, म्हणजेच जीवाणू पुन्हा वाढू लागलेले असतात.

मात्र भुकटीत काही मृत पेशीही असतात, म्हणून वजनावरून संख्या ठरवता येत नाही. त्यासाठी द्रव दहा-दहापट विरल करत नेऊन थिजवलेल्या माध्यमावर पसरतात आणि त्यावर उगवलेल्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे जीवाणूंचे ठिपके, मोजतात. दहा लाखपट विरल केलेल्या १ मिलिलिटर द्रवातून १५० वसाहती उगवल्या, तर मूळ द्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये १५ कोटी वसाहतक्षम एकके होती असा हिशेब होतो. ‘जीवाणू’ न म्हणता ‘एकके’ म्हणण्याचे कारण असे की लॅक्टोबॅसिलसच्या पेशी बऱ्याचदा साखळीने राहतात आणि अख्ख्या साखळीपासून एकच वसाहत उगवते.

संख्येइतकीच ओळखही जपावी लागते. जीजी वाणाच्या पृष्ठभागावर आतड्याच्या श्लेष्माला चिकटणारे केसासारखे धागे असतात, असे २००९ मध्ये त्याच्या जनुकसंचाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. परंतु प्रयोगशाळेत कित्येक पिढ्या सलग वाढवत राहिल्यास काही पेशींतून या धाग्यांची जनुकेच गळून पडतात, असेही पुढे आढळले. नाव तेच राहून गुण हरवण्याचा हा धोका टाळण्यासाठी मूळ नळीपासून पाचापेक्षा अधिक उपसंवर्धने, म्हणजे एका संवर्धातून पुढचा संवर्ध वाढवण्याच्या पायऱ्या, करू नयेत, असा दंडक औषधपरीक्षणात पाळला जातो. नंतर नवी नळी उघडली जाते. अशा प्रमाणित वाणांचे जतन भारतातही होते: पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, चंडीगडमध्ये सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेचा संग्रह, तर कर्नालमध्ये राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतील दुग्धजीवाणूंचा संग्रह हे काम करतात.

या काटेकोरपणाचे मोल निष्कर्ष प्रतिकूल असतो तेव्हा विशेष जाणवते. अतिसार झालेल्या लहान मुलांना जीजी वाण देऊन अमेरिकेत केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९७१ मुले सहभागी होती. त्यांपैकी निम्म्यांना दिवसातून दोनदा १,००० कोटी एकके आणि उरलेल्यांना दिसायला तशीच, पण जीवाणू नसलेली मात्रा पाच दिवस देण्यात आली, आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. कोणता वाण दिला आणि किती जिवंत एकके दिली हे ठाऊक असल्यामुळेच हा नकार त्या वाणापुरता, त्या मात्रेपुरता आणि त्या आजारापुरता ग्राह्य धरता येतो. इतर वाण वा इतर आजार यांचा निवाडा त्यातून होत नाही, त्यासाठी वेगळ्या क्रमांकाची नळी उघडून वेगळा प्रयोगच करावा लागतो.