निळे औषध आणि पेशींची ऊर्जा

पावसाळा आला की कळंबोलीत बांधकामांच्या टाक्यांत आणि गच्चीवरील उघड्या पिंपांत पाणी साचते व हिवतापाची धास्ती सुरू होते. या रोगावरील एका जुन्या औषधाचे नाव आता अगदी निराळ्या संदर्भात ऐकू येते.

१८७६ साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी कापड रंगविण्यासाठी मिथिलीन ब्ल्यू तयार केले. १८९१ मध्ये बर्लिन येथे पॉल गुटमान व पॉल एर्लिश यांनी ते हिवतापाच्या दोन रुग्णांना दिले. दोघेही बरे झाले. रुग्णाची लघवी मात्र निळी होई!

आपल्या पेशींतील तंतुकणिका, अर्थात मायटोकॉन्ड्रिया, अन्नातील इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे देत ऊर्जा निर्माण करतात. साखळीतील एखादा दुवा जन्मतः सदोष असेल, तर मेंदू, स्नायू, डोळे यांना प्रथम झळ बसते. मिथिलीन ब्ल्यू इलेक्ट्रॉन स्वतः उचलून अडलेल्या दुव्यापलीकडे पोहोचवू शकते. २००८ मध्ये हानी अतामना व सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींत अत्यल्प मात्रेने ऊर्जानिर्मिती सुधारल्याचे नोंदविले. संशोधन आशादायक खरे, पण काचपात्रातील पेशी म्हणजे आजारी बालक नव्हे. मात्रा वाढली की हेच रसायन अपाय करते.

म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातील किंवा ऑनलाइन मिळणारी निळी बाटली घरी आणून मुलास पाजणे सर्वथा अयोग्य होय. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. हिवतापावरील प्रायमाक्वीनबाबतही हाच धोका आहे. नैराश्यावरील काही गोळ्यांसोबत ते घेतल्यास जीवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. तंतुकणिका आईकडून येतात, एवढेच अर्धवट ऐकून काही घरांत सुनेला दोष दिला जातो. वस्तुतः बालकांतील यांपैकी अनेक विकार पेशीकेंद्रातील जनुकांमुळे होतात आणि त्यांत बहुधा माता व पिता दोघांचाही वाटा असतो. आईकडून आलेला दोष असला, तरी तो तिचा अपराध कसा?

परळचे के. ई. एम. रुग्णालय केंद्र शासनाच्या दुर्मीळ आजार धोरणातील उत्कृष्टता केंद्र आहे. कळंबोलीहून तेथे जाताना मुलाचे सर्व जुने अहवाल, चालू औषधांची यादी आणि दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची माहिती लिहून न्यावी.