पेट-चित्रणाची साक्ष

पौरुषग्रंथीचा कर्करोग एकदा ग्रंथीची वेस ओलांडून हाडांत आणि लसिकाग्रंथींत जाऊन बसला, म्हणजे रोग आहे की नाही हा प्रश्न उरत नाही. चालू उपचाराने तो हटतो आहे की आतल्या आत वाढतो आहे, हा प्रश्न मात्र महिनोन्‌महिने रुग्णापुढे आणि वैद्यापुढे उभा असतो.

जुन्या साधनांनी याचा तपास अपुराच होई. पौरुषग्रंथीच्या पीएसए या प्रथिनाची रक्तातील पातळी हा साऱ्या देहाचा एकच आकडा; कोणते ठाणे पडले आणि कोणते टिकले, हे तो सांगत नाही. अस्थिचित्रणात दिसते ते अर्बुद नव्हे, तर त्याने डिवचलेल्या हाडाची नवी बांधणी. म्हणून उपचार लागू पडून हाड भरून येऊ लागले, की पहिल्या 12 आठवड्यांत कित्येकदा तेच चित्र अधिक उजळते, आणि सुधारणेला बिघाड समजून गुणकारी औषध बंद होण्याची भीती राहते.

पेट यंत्राची रीत निराळी आहे. कर्कपेशींच्या पटलावर विपुल आढळणाऱ्या पीएसएमए या प्रथिनाला जाऊन चिकटणारे द्रव्य गॅलियम-68 या किरणोत्सारी अणूशी जोडून शिरेत टोचतात; अणूतून सुटलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनशी भिडून दोघेही लय पावतात, त्यांतून परस्परविरुद्ध दिशांना निघालेले दोन फोटॉन भोवतालच्या कड्यात एकाच वेळी नोंदले जातात, आणि अशा असंख्य नोंदींच्या हिशेबातून रोगाचा नकाशा सिद्ध होतो.

तथापि हे यंत्र पीएसएमए दाखवते, साक्षात कर्करोग नव्हे, आणि चित्र वाचणाऱ्याच्या विवेकाची खरी कसोटी इथेच लागते. संप्रेरकरोधक उपचार सुरू होताच काही पेशींवर हे प्रथिन तात्पुरते वाढते व ठिपका अकारण ठळक होतो; उलट, यकृतात पसरलेला किंवा स्वभाव पालटलेला रोग कित्येकदा हे प्रथिनच टाकून देतो, आणि तेव्हा अर्बुद वाढत असतानाच चित्र निर्मळ दिसू लागते. अशा निर्मळतेचा संशय येताच शर्करेवर आधारलेले एफडीजी-चित्रण करून खातरजमा करावी लागते. 2022 साली मांडलेल्या ‘रेसिप’ निकषांनी एकेका ठिपक्याच्या तेजापेक्षा रोगाच्या एकूण घनफळाला प्रमाण मानले: ते किमान 20 टक्क्यांनी वाढले आणि नवे ठाणेही दिसले, तरच रोग बळावला म्हणावे, 30 टक्के घटले व नवे ठाणे नसेल, तर उपचार लागू पडला. ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते, कारण घाईने दिलेल्या निकालाची किंमत रुग्ण मोजतो.

गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-177 ठेवले, की त्याच जातीचे द्रव्य औषध होते. 831 रुग्णांच्या ‘व्हिजन’ चाचणीत अशा उपचाराने आयुर्मर्यादेची मध्यगा 11.3 महिन्यांवरून 15.3 महिन्यांवर गेली. आपल्याकडे हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. मात्रा सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. दोन मात्रांनंतरचे चित्र, पीएसए आणि रुग्णाची वेदना एकत्र मांडून पुढची द्यावी की थांबावे, हे ठरवता येते. ही तुलना न्याय्य व्हावी म्हणून शक्यतो यंत्र तेच आणि द्रव्यही तेच असावे, आणि गाव बदलून दुसऱ्या रुग्णालयात जाताना रुग्णाने पहिल्या चित्रणाची सीडी, केवळ अहवालाचा कागद नव्हे, सोबत न्यावी.